दौंडच्या डॉक्टरांचा सवाल

बारामतीहून किंवा भिगवणहून पुण्याच्या गाडीत बसलात की वाटेत दौंड लागते. या दौंडात एका डॉक्टरांनी लहान मुलांना औषधपाणी दिले आणि त्याचबरोबर मराठीतले गाजलेले चित्रपटही काढले. त्यांचे नाव डॉ. जब्बार पटेल.

त्यांचा जन्म १९४२ साली पंढरपूरचा. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. नाटकाचा नाद सुटला नाही. १९७२ साली त्यांनी 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आणले. पुढे आला 'सामना'. रामदास फुटाणे यांनी तो काढला, विजय तेंडुलकरांनी लिहिला. १९७५ साली तो बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला.

त्यातले गाव तुम्हां-आम्हांला परके नाही. सभोवती ऊस, मधोमध साखर कारखाना, आणि साऱ्या गावावर हिंदूराव धोंडे पाटलांचा शब्द. तिथे एक दारुडा मास्तर येऊन पडतो. एके काळचा स्वातंत्र्यसैनिक. तो एका गायब झालेल्या माणसाबद्दल विचारू लागतो. मारुती कांबळे नावाच्या गरिबाचे झाले तरी काय? प्रश्न एवढाच, पण पाटलांची झोप उडते. निळू फुले आणि श्रीराम लागू यांनी या दोन भूमिका अशा केल्या की बघणारा विसरत नाही.

हे चित्र कोणा एका कारखान्याचे नव्हे. सहकाराने आपल्या बारामती-इंदापूरच्या रानात ऊस आणि घरात चार पैसे आणले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण संस्था मोठी झाली की सभासद लहान होतो का, हे विचारायला नको का?

डॉक्टरांनी पुढेही विचारणे सोडले नाही. १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये त्यांनी मंत्र्यांच्या खुर्चीचा खेळ दाखवला. तिथे निळूभाऊ पाटील नव्हते, सारे पाहणारे पत्रकार होते. 'उंबरठा'मध्ये स्मिता पाटील यांची सुलभा काम करण्यासाठी घराबाहेर पडते, आणि त्याची किंमत मोजते. गावाला, राज्याला आणि मग थेट आपल्या घराला सवाल! शेवटचा झोंबतो, कारण तिथे बोट दाखवायला दुसरा कोणी नसतो.

डॉक्टर आधी विचारतो, कुठे दुखते? न विचारता दिलेले औषध लागू पडत नाही. तेव्हा पुढच्या वार्षिक सभेत हात वर करताना अहवालाचे पान एकदा उलटून बघा. समजले नाही तर उभे राहून विचारा. आणि घरी लेकीने किंवा सुनेने काही विचारले, तर तिला गप्प करू नका. मास्तरला गप्प करणारे गाव आपण पडद्यावर पाहिले आहे.