रक्त अधिक, धोकाही अधिक

आपल्याकडे आरोग्याचा विषय निघाला की रक्त कमी असल्याची चिंता प्रथम व्यक्त होते, आणि ती रास्तच आहे. स्त्रिया व बालके यांच्यातील रक्तक्षय हा ग्रामीण महाराष्ट्राचा जुना प्रश्न आहे. परंतु या चिंतेच्या आडोशाने एक समजूत रुजली आहे: रक्त जितके अधिक तितकी प्रकृती उत्तम. पॉलिसायथेमिया व्हेरा हा विरळा रक्तकर्करोग नेमका याच समजुतीमागे लपून राहतो.

या रोगात अस्थिमज्जा तांबड्या पेशी बेसुमार निर्माण करते. रक्त दाट होते, त्याचा प्रवाह मंदावतो आणि गुठळ्या होतात. त्यातूनच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका ओढवतो. पूर्वसूचना मात्र साध्या असतात: डोकेदुखी, चेहऱ्यावर लाली, स्नानानंतर खाज, बोटांची आग. १८९२ साली वाकेझ या फ्रेंच वैद्याने या रोगाचे वर्णन केले. २००५ साली जॅक-२ या जनुकातील बदल उघड झाला. सुमारे ९५ टक्के रुग्णांत तो सापडतो.

विशेष म्हणजे मूळ उपचार महागडा नाही. शिरेतून ठरावीक रक्त काढून पेशींचे प्रमाण ४५ टक्क्यांच्या खाली राखणे आणि अल्प मात्रेत ॲस्पिरिन देणे, हा त्याचा पाया. वयस्कर किंवा पूर्वी गुठळी झालेल्या रुग्णांना हायड्रॉक्सीयुरिया देतात. ही ४५ टक्क्यांची मर्यादा सैल सोडल्यास गंभीर गुठळ्या व त्यांतून होणारे मृत्यू जवळजवळ चौपट होतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील चाचणीत दिसले.

तज्ज्ञ परळच्या टाटा रुग्णालयात आहेत. त्याच संस्थेचे केंद्र रायगड जिल्ह्यातच, खारघरला आहे. परंतु रोगाची शंका प्रथम यावयाची ती महाड-पोलादपूरच्या दवाखान्यात. ते अशक्य आहे काय? विंचूदंशाने कोकणात माणसे दगावत असता डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच परिसरात रुग्णांच्या उशाशी बसून मृत्यूचे कारण हृदयात शोधले आणि प्राझोसिनचा उपचार जगापुढे मांडला. निरीक्षणाला महानगर लागत नाही, हे महाडनेच दाखवून दिले आहे.

वाढलेला प्रत्येक आकडा कर्करोगाचा नसतो. धूम्रपान, फुप्फुसाचे विकार, शरीरातील पाणी घटणे ही कारणेही असतात. मात्र पुरुषांत १६.५ आणि स्त्रियांत १६ यांहून अधिक हिमोग्लोबिन आढळल्यास तपासणी पुन्हा व्हावी, आणि आकडा टिकून राहिल्यास जनुकचाचणीसाठी रक्ताचा नमुना मुंबईस जावा. निदान झाल्यावर रक्त काढण्याची सोय, तज्ज्ञांच्या सल्ल्याने, महाडलाच असावी. पोलादपूरच्या डोंगरवाडीवरील मजुराने त्यासाठी वारंवार मुंबईची वाट धरावी आणि मजुरी बुडवावी, हे न्याय्य नव्हे. सुशिक्षितांनीही अहवालातील मोठा आकडा अभिमानाने मिरवू नये. वैद्याला विचारल्याखेरीज लोहाची औषधे तर घेऊच नयेत. रक्त कमी असल्याची नोंद जितक्या तत्परतेने होते, तितक्याच तत्परतेने ते अधिक असल्याचीही झाली पाहिजे.