मोजणाऱ्याचा पगार

पर्यावरणशास्त्राची पदवी घेऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना घरातून पहिला प्रश्न विचारला जातो तो नोकरीचा, आणि कर्ज काढून शिकवणाऱ्या आईबापांचा तो हक्कच असल्यामुळे त्याचे उत्तर सरळ दिले पाहिजे. नोकऱ्या आहेत. १९७४ चा जलप्रदूषणविषयक कायदा, १९८१ चा हवेविषयीचा कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम यांच्यामुळे कारखानदाराला संमतिपत्र घ्यावे लागते, दरसाल ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र दाखल करावे लागते, आणि मोठ्या प्रकल्पाला काम सुरू करण्यापूर्वी पर्यावरणीय आघाताचा अहवाल सादर करावा लागतो. हे सारे दप्तर तयार करण्यासाठी नमुने गोळा करणारी आणि आकडे पडताळणारी शिकलेली माणसे लागतातच. सल्लागार संस्था, प्रयोगशाळा, कारखान्यांतील पर्यावरण विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळ, नागपूरची नीरी ही संशोधन संस्था, नेट उत्तीर्ण होऊन अध्यापन, अशा वाटा खुल्या आहेत. माझी चिंता निराळी आहे: या पदवीधराचा पगार कोण देतो?

या शास्त्राचे मर्म प्रयोगशाळेत उमगते. ज्या परीक्षणाला विद्यार्थी नुसते बीओडी म्हणतात, त्यात काचेची बाटली आत एकही बुडबुडा राहू न देता काठोकाठ भरायची, २७ अंश सेल्सिअस तापमानात तीन दिवस ठेवायची, आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू आधी किती होता व नंतर किती उरला याचा फरक काढायचा. रसायने घालताच तपकिरी साका धरला तर प्राणवायू आहे. साका पांढरा राहिला तर तो संपलेला आहे. पुढे अनुमापन करताना ज्या थेंबाला निळा रंग नाहीसा होतो, नेमक्या त्याच थेंबाला हात थांबावा लागतो. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन वाहणाऱ्या नदीच्या पाण्यात हा पांढरा साका ज्या मुलीने स्वतः पाहिला, तिला पुढे कोणत्याही कचेरीत बसून आकड्याशी खोटे वागणे जड जाईल, अशी माझी श्रद्धा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशाला अनुसरून पदवीच्या सर्व शाखांना लावलेला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम मात्र पुष्कळ ठिकाणी एका पेपरापुरता आणि उतरवून काढलेल्या प्रकल्पवहीपुरता उरला, याचा खेद वाटतो.

परंतु ही मुलगी जेव्हा सल्लागार संस्थेत रुजू होते, तेव्हा तिच्यापुढे एक व्यवस्था उभी असते. पर्यावरणीय आघाताविषयीच्या २००६ च्या अधिसूचनेखाली प्रकल्पाचा अहवाल प्रकल्प उभारणाराच तयार करून घेतो. सल्लागाराची निवड तोच करतो आणि त्याचे बिलही तोच चुकते करतो. ज्याचा हिशेब तपासायचा त्यानेच तपासनीस नेमावा, तसा हा प्रकार आहे. सल्लागारांना अधिस्वीकृतीची अट घातली गेली हे योग्यच झाले, तथापि तीमुळे पैशाचा ओघ बदलला नाही. आणि अशा ठिकाणी सचोटी टिकवण्याचा सारा भार पंचविशीतल्या नवख्या कर्मचाऱ्यावर टाकणे हा अन्याय आहे. प्रकल्पधारकाने शुल्क सरकारी खात्यात भरावे आणि अहवालाचे काम कोणाकडे द्यायचे ते नियामक यंत्रणेने ठरवावे, ही तजवीज मुळीच अशक्य नाही.

दुसरीही एक उणीव आहे. जनसुनावणीसाठी अहवालाचा गोषवारा लोकभाषेत देणे बंधनकारक आहे आणि नोटीस निदान तीस दिवस आधी द्यावी लागते. पण कोकणातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत तो जाडजूड मूळ अहवाल येऊन पडला, तर त्यातील भूजलाचे कोष्टक कोणत्या ऋतूत घेतलेल्या नमुन्यांवर बेतले आहे, हे गावकऱ्यांना समजावून सांगणारा माणूस त्यांच्या बाजूला असत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती सांगितली, लोकांची जैवविविधता नोंदवही सांगितली. ही कामे जाणकारांवाचून व्हायची कशी? प्रत्येक तालुक्याला सरकारी तिजोरीतून पगार घेणारा एक पर्यावरणशास्त्राचा पदवीधर नेमावा, ग्रामसभेने मागितल्यास अहवाल वाचून त्यावर लेखी अभिप्राय देण्याची जबाबदारी त्याच्यावर ठेवावी, आणि तो अभिप्राय जनसुनावणीच्या कार्यवृत्तात समाविष्ट करणे सक्तीचे करावे, अशी माझी राज्य शासनाकडे मागणी आहे.