घसारा

जुनी विमानं पाहायला जाणारे लोक वेडे असतात, असं आमच्या हेड कॅशियरांचं मत आहे. "बसाले भेटत नाही, त मंग पाहाचं कायले?" श्रावणात कावड पाहायला हेच गृहस्थ रात्रभर उभे राहतात. तीत तरी त्यांना कोण बसवतं?

पुराणातल्या पुष्पकात कितीही मंडळी बसली तरी एक जागा उरायची म्हणे. हिंदुस्थान एरॉनॉटिक्सचं 1958 साली उडालेलं पुष्पक दोघांतच भरतं, अंगावर कापड. पण फ्लाइंग क्लबांतली कितीतरी पोरं त्यावरच उडायला शिकली. हिशेबाच्या वहीत आज त्याची किंमत शून्य, म्हणून भंगारात? मी बी.कॉम. असूनही हा घसारा मला नामंजूर! 1982 साली 78 वर्षांचे जे. आर. डी. टाटा जुन्या लेपर्ड मॉथमधून कराचीहून मुंबईला आले, तेव्हा दोघांचाही घसारा केव्हाच पूर्ण झाला होता!

अमरावतीला 2025 साली मुंबईचं विमान सुरू झालं. आमची शिवणीची धावपट्टी 1943 सालची. ती लांबवायची चर्चाच तेवढी लांबते आहे. मोठं विमान येईल तेव्हा येवो. तोवर तिथे एखादं पुष्पक तरी आणून ठेवा.

हेड कॅशियरांचं तिकीट मी काढीन.