पवईचा सांडवा आणि मासेमारांचा हक्क

पवई भरला, तुळशी भरला, विहार भरला, ही मुंबईच्या वर्तमानपत्रांची दर पावसाळ्यातील ठरलेली बातमी आहे. २०२४ साली ८ जुलैला पवई, २० जुलैला तुळशी आणि २५ जुलैला विहार तलाव भरून वाहू लागले. बातमीबरोबर महापालिकेचे आकडेही छापून येतात. पवईची साठवण ५४५ कोटी लिटर, पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर, तलाव पूर्ण भरला म्हणजे पाण्याचा पसारा २.२३ चौरस किलोमीटर. बांधकाम १८९० साली पूर्ण झाले आणि त्यावर १२ लाख ५९ हजार रुपये खर्च आला, हेही न चुकता सांगितले जाते. सांडव्यावर गर्दी जमते, छायाचित्रे निघतात आणि बातमी तिथेच संपते. सांडव्यावरून गेलेले पाणी पुढे कोणाच्या दारात गेले आणि जाताना तलावातून काय घेऊन गेले, याची विचारपूस कोणी करीत नाही. तलावातील मासळी आणि त्या मासळीवर हक्क सांगू शकणारी माणसे या आकड्यांत कोठेही बसत नाहीत. प्रश्न म्हटला तर मासळीचा आहे; पण सार्वजनिक पाण्यावर सत्ता कोणाची, हा लोकशाहीचा मूलभूत प्रश्न त्यातून उभा राहतो.

पवईचे पाणी पिण्यास योग्य राहिलेले नाही. ते कारखान्यांच्या वापराला व आरेच्या दुग्ध वसाहतीला दिले जाते. पिण्याच्या पाण्याच्या हिशेबातून तलाव उतरला, तसा तो नगरनियोजनाच्या जबाबदारीतूनही उतरला. भोवती वसाहती उभ्या राहिल्या, उंच इमारती आल्या आणि त्यांचे मैलापाणी वर्षानुवर्षे तलावात येत राहिले. गाळाने खोली कमी केली, जलपर्णीने काठ व्यापले. मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरलेला हा तलाव मासळीच्या दृष्टीने मात्र कधीच निरुपयोगी नव्हता. रोहू, कटला, मृगळ यांसारख्या माशांसाठी हे पाणी एके काळी नावाजलेले होते, आणि त्यांच्याबरोबर मगरींचेही ते घर आहे.

पाण्याची पातळी वाढते तेव्हा मासळीच्या जगात काय घडते, हे कोकण-ठाण्याच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. पहिल्या दमदार पावसात गाबोळीने भरलेले मासे वाहत्या पाण्याच्या उलट दिशेने ओढ्या-नाल्यांत, खाचरांत चढू लागतात. यालाच वलगण म्हणतात आणि त्या माशांना चढणीचे मासे. तलावाचे पाणी चढले की काठावरचे गवत बुडते, त्यातील किडे आणि कुजलेला पाला हे माशांचे खाद्य होते. मासा खोल पाणी सोडून नव्याने बुडालेल्या काठाकडे येतो. तेच पाणी झपाट्याने उतरले तर काठाला दिलेली अंडी उघडी पडून वाळून जातात. म्हणजे पातळी किती आहे यापेक्षा ती कोणत्या गतीने व कोणत्या वेळी बदलते, हे मासळीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते.

रोहू, कटला व मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. त्यांना अंडी घालण्यासाठी पुराचे वाहते पाणी लागते. तलावाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही. म्हणून अशा तलावांत बाहेरून मत्स्यबोटुकली आणून सोडावी लागते. हे शक्य झाले ते १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले म्हणून. सार्वजनिक पैशातून झालेल्या त्या संशोधनाने देशातील हजारो तलावांत मासळी आली, आणि तो दिवस आज मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पवईत वाढणाऱ्या मासळीची ही पूर्वपीठिका ध्यानात घेतली, तर सांडव्यावरून मासे वाहून जाणे ही केवळ गंमत म्हणून पाहण्याची गोष्ट राहत नाही. बाहेरून आणून वर्ष-दोन वर्षे वाढवलेला मासा एका रात्रीत भिंतीपलीकडे जातो. तो परत येऊ शकत नाही आणि तलावात त्याची जागा आपोआप भरूनही निघत नाही.

तो जातो कोठे, हेही पाहिले पाहिजे. पवई आणि विहार यांचे जादा पाणी मिठी नदीला मिळते. आरे, मरोळ, साकीनाका, कुर्ला अशा वस्त्यांतून सुमारे १८ किलोमीटर वाहून ही नदी माहीमच्या खाडीला जाते. वाटेत कारखान्यांचे रासायनिक पाणी, गोठ्यांचे शेण आणि लाखो माणसांचे मैलापाणी तिच्यात येते. स्वच्छ नदीत उतरलेला मासा निदान जगला असता. मिठीत उतरलेल्या माशाला श्वास घेण्यापुरता प्राणवायूही मिळत नाही. खाडीच्या मुखाशी माहीमचा कोळीवाडा आहे. वरून येणाऱ्या घाणीने तेथील मासेमारीचीही हानी केली. वरच्या अंगाला तलावात मासा टिकत नाही आणि खालच्या अंगाला खाडीत येत नाही, असा हा दुहेरी तोटा आहे. तो सोसणारी माणसे दोन्ही टोकांना श्रमिकच आहेत.

यावर कोणी असे म्हणेल की पावसाळ्यापूर्वी तलावाची पातळी मुद्दाम उतरवून ठेवावी, म्हणजे पुराचे पाणी त्यात मावेल आणि मासेही वाहून जाणार नाहीत. ही सूचना सोपी दिसते म्हणूनच ती तपासून घेतली पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस पवईच्या संपूर्ण पाणलोट क्षेत्रावर पडला, तर तो सुमारे ६२४ कोटी लिटर भरतो. सबंध तलाव कोरडा ठेवला तरी तो त्यात मावणार नाही. उलट मे महिन्यात आधीच तापलेले आणि उथळ झालेले पाणी आणखी उतरवले, तर उरलेल्या डबक्यात मैलापाण्याचे प्रमाण वाढेल आणि पहिल्या सरीबरोबर काठावरची घाण आत आली की मासे तडफडून मरतील. कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधील माणसाचा जीव आणि तलावातील मासा यांना एकमेकांचे शत्रू ठरवण्याचे काहीच कारण नाही. दोघांचा शत्रू एकच आहे: तलावात येणारा गाळ व मैला, आणि नदीच्या पात्रावर झालेले भराव. गाळ टप्प्याटप्प्याने काढला तर तलावात पाणीही अधिक मावेल आणि उन्हाळ्यात माशांना खोल आसराही मिळेल. मैला बंद झाला तर तलाव मुळात वेळेआधी भरणार नाही. पवई लवकर भरतो, याचा अर्थ निसर्गाची कृपा एवढाच नव्हे. खोली घटलेल्या भांड्यात बारा महिने सांडपाणी येत असेल, तर ते भांडे लवकर भरणारच.

२००५ च्या प्रलयानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि तिने २००६ साली अहवाल दिला. मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. त्यानंतर नदीवर अमाप पैसा खर्च झाला. आणि मे २०२५ मध्ये, मिठीचा गाळ काढण्याच्या कामांत सुमारे ६५ कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेला गुन्हा नोंदवावा लागला. न्यायालयात काय सिद्ध होईल ते होवो. पण ज्या कामावर काठच्या माणसांची देखरेख नसते, त्या कामात ठेकेदाराच्या कागदावरचा गाळ आणि नदीतला गाळ यांचा मेळ बसतो की नाही, हे कोण पाहणार? पवईच्या काठी सायकल मार्ग बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हा हेच दिसले. मैलापाणी अडवण्याचे काम रेंगाळत असताना तलावात दगड टाकून मार्ग उभारण्याची मात्र घाई झाली. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षे सारा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. लोकनियुक्त सभागृहावाचून घेतलेल्या निर्णयांत तलावाला ‘सुशोभीकरणाची जागा’ यापलीकडे स्थान मिळाले नाही, यात नवल नाही.

पाणी सोडण्याचे आणि अडवण्याचे निर्णय मासळीचा विचार करून घेता येतात काय? अमेरिका काही समाजवादी देश नव्हे. तेथे कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणाखाली १९६४ पासून ट्राउट हा थंड पाण्यातला मासा सोडण्यात आला आणि गळाने मासेमारी करणाऱ्यांचे ते आवडते ठिकाण झाले. पण विजेच्या मागणीप्रमाणे दिवसातून पाणी चढे आणि उतरे. अंडी, पिले आणि त्यांचे खाद्य उघडे पडे. १९९२ साली तेथील संसदेने खास कायदा केला आणि १९९६ साली पाणी सोडण्याच्या चढउतारावर मर्यादा घालण्यात आली. वीज कंपन्यांच्या त्या देशात जे करता आले, ते मुंबईच्या महापालिकेला अशक्य आहे, असे म्हणणे म्हणजे अनास्थेला तांत्रिक अडचणीचे नाव देणे होय.

आपल्या देशातील उदाहरण तर अधिक जवळचे आहे. मध्य प्रदेशात तवा धरणाने विस्थापित झालेल्या आदिवासींनी लढा देऊन १९९६ साली जलाशयातील मासेमारीचा हक्क आपल्या सहकारी संघासाठी मिळवला. समाजवादी कार्यकर्ते त्या लढ्यात अग्रभागी होते. आदिवासींनी मत्स्यबीज सोडले, विणीच्या हंगामात मासेमारी बंद ठेवली, राखण स्वतः केली आणि पूर्वी ठेकेदाराच्या हाती जाणारा पैसा मासेमाराच्या घरात आणला. २००६ नंतर मात्र व्याघ्र प्रकल्पाचे कारण पुढे करून त्यांचा ठेका वाढवून देण्यात आला नाही. त्या प्रयोगाने सिद्ध केलेली गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही: ज्याचे पोट पाण्यावर आहे, तोच पाण्याची राखण उत्तम करतो.

मुंबईच्या उपनगरांत ही दृष्टी कोठे आहे? विहार आणि तुळशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत. तेथे सामान्य माणसाला प्रवेश नाही. पवईत गळाने मासेमारी करणाऱ्यांची संघटना अनेक वर्षे काम करते आहे. ती मत्स्यबीज सोडते आणि प्रदूषणाविरुद्ध आवाजही उठवते. छंदासाठी गळ टाकणाऱ्याशी समाजवाद्यांचे भांडण असण्याचे कारण नाही. तलाव मेला तर त्याचा छंदही मरतो. परंतु आरेच्या आणि उद्यानातील पाड्यांवर राहणाऱ्या वारली, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबांचे काय? तलाव बांधले जाण्यापूर्वी हे ओढे त्यांच्या पायाखालचे होते. पावसाळ्यात ओढ्यात मासा धरणे हा त्यांचा छंद नव्हे, तो त्यांच्या वर्षाच्या जेवणाचा भाग आहे. तलावांविषयी निर्णय घेणाऱ्या कोणत्या बैठकीत त्यांच्यापैकी एखाद्याला खुर्ची मिळाली?

‘एवढ्या मोठ्या शहरात मासेमारी ती कसली?’ असा कुत्सित प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर असे की मुंबई हे मूळचे मासेमारांचेच गाव आहे, आणि तलावात मासा जगतो की नाही, ही शहराच्या आरोग्याची सर्वांत स्वस्त तपासणी आहे. जे पाणी मासा सोसू शकत नाही, ते पुराच्या दिवशी कुर्ल्याच्या झोपडीत गुडघाभर शिरते, तेव्हा माणसालाही सोसत नाही.

मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. पवईत येणारे मैलापाणी मुदत ठरवून पूर्ण बंद करावे. गाळ आणि जलपर्णी काढण्याच्या कामाचे मोजमाप स्थानिक नागरिकांसमोर व्हावे. पातळी, पाण्याचा वापर आणि पाण्यातील प्राणवायू यांचे आकडे बारा महिने प्रसिद्ध व्हावेत. सांडव्यापाशी मासे अडवण्याची, आणि पाण्याला अडथळा न होणारी, व्यवस्था तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी. पवईच्या काठी १९५८ पासून आयआयटी आहे, अंधेरीत वर्सोव्याला १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. तज्ज्ञांची उणीव असल्याची सबब येथे चालणार नाही. आणि तलावाच्या व्यवस्थापन समितीत पाड्यांवरचे आदिवासी, मिठीकाठचे रहिवासी, माहीमचे कोळी आणि गळाने मासेमारी करणारे यांना मतासह स्थान मिळावे.

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या कार्यकर्त्यांनी हे काम निवेदनापुरते ठेवू नये. पाड्यांपासून कोळीवाड्यापर्यंत एकाच पाण्याच्या काठी राहणारी ही माणसे आजवर एकमेकांना भेटलेली नाहीत. त्यांची एक संयुक्त परिषद पावसाळ्यापूर्वी भरवणे पक्षाच्या शाखांना सहज शक्य आहे. तलाव भरल्याची बातमी देण्यासाठी महापालिकेला कोणाची गरज लागत नाही. तलाव जिवंत ठेवण्यासाठी मात्र तिला लोकांची गरज आहे, आणि ती जाणीव लोकांनी संघटित होऊनच तिला करून द्यावी लागेल.