घराचे मोल आणि घराचा विमा

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याप्रमाणे सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावयाच्या असतात. या सभांचे कामकाज ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की, वाहने उभी करण्याच्या जागेवरून दोन तास, पाण्याच्या वेळेवरून एक तास आणि कबुतरांच्या उपद्रवावरून अर्धा तास खर्ची पडतो. पण हिशेबपत्रकात 'विमा' या शब्दापुढे जो आकडा असतो, किंवा नसतो, त्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. ज्या इमारतीत आपण जन्माची कमाई घातली, ती उद्या आगीत वा भूकंपात गेली तर पुन्हा उभी राहील एवढ्या रकमेचा विमा आहे काय, हा प्रश्न या सभेत विचारावयाचा नाही तर कोठे विचारावयाचा?

अशी संकटे आपल्या दारी येत नाहीत, अशी एक समजूत असते. महाराष्ट्रात ती कशी टिकून राहिली याचेच आश्चर्य वाटते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील हजारो संसार काही तासांत वाहून गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा झाला. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तळमजल्यावरील घरांत माणसाच्या कमरेइतके, कोठे त्याहूनही अधिक पाणी शिरले. २०१९ साली कोल्हापूर-सांगली आणि २०२१ साली चिपळूण-महाड यांची जी स्थिती झाली ती सर्वांच्या स्मरणात आहे. प्रत्येक वेळी सरकारने मदत जाहीर केली आणि समाजाने हात दिला. परंतु सरकारी मदत हा चार दिवसांचा आधार असतो, नुकसानीची भरपाई नव्हे. भिंती पुन्हा बांधावयाच्या, फर्निचर पुन्हा करावयाचे, ते ज्याचे त्यानेच.

मग मध्यमवर्गीय कुटुंब, जे आयुष्याचा विमा उतरविते, मोटारीचा उतरविते, आजारपणाचाही उतरविते, ते घराच्या बाबतीतच उदासीन का? आमच्या मते याचे कारण बेफिकिरी नव्हे. 'ते काम दुसऱ्या कोणी तरी केले आहे' असा एक सुखद ग्रह हे त्याचे कारण होय. कर्जदार म्हणतो, बँकेने केले असेल. सभासद म्हणतो, संस्थेने केले असेल.

प्रथम बँकेचे पाहू. कर्ज घेताना कागदांच्या चळतीत विम्याचा एक कागद असतो आणि त्याचा हप्ताही पुष्कळदा कर्जातच मिळवलेला असतो; म्हणजे त्या हप्त्यावर आपण पंधरा-वीस वर्षे व्याज भरीत राहतो. हा कागद काढून वाचावा. बहुधा असे आढळेल की तो घराचा विमा नसून कर्जदाराच्या आयुष्याचा आहे. कर्जदार मृत्यू पावल्यास उरलेले कर्ज त्यातून फिटेल. ही गोष्ट चांगलीच आहे. पण घर जळाले तर त्या कागदातून एक पैसाही मिळणार नाही. आणि विमा खरोखरच घराचा असला, तरी त्यात बँकेचे हित नोंदलेले असते. भरपाईवर पहिला हक्क बँकेचा. रक्कम कर्जापुरती असेल तर ती बँकेकडे जाईल, आणि घरमालकाच्या हाती कर्जमुक्त झालेला मातीचा ढिगारा उरेल. विमा अमुक एका कंपनीकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती करण्याचा अधिकार बँकेला नाही, हेही नव्या खरेदीदारांनी ध्यानात ठेवावे. कर्ज फिटल्यावर विमापत्रावरील बँकेचे नाव काढून घ्यावयास विसरू नये.

दुसरी अडचण रकमेची. 'माझे घर दीड कोटीचे आहे, तेवढ्याचा विमा कोणाला परवडेल?' असे आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. येथे किंमत आणि बांधणीचा खर्च यांची गल्लत होते. कोथरूडला किंवा दादरला सदनिकेसाठी आपण जी किंमत मोजतो, तिचा मोठा भाग त्या जागेचा, रस्त्याचा, स्टेशनच्या जवळिकीचा असतो. जमीन जळत नाही. पुराखाली गेली तरी पाणी ओसरल्यावर असते तेथेच असते. विमा उतरवावयाचा तो बांधकामाचा. चटई क्षेत्र सातशे चौरस फूट धरले आणि तशाच प्रतीचे बांधकाम आज करावयास चौरस फुटाला तीन हजार रुपये पडतात असे मानले, तर विम्याची रक्कम एकवीस लाख होते, दीड कोटी नव्हे. दर गावोगाव आणि बांधकामाच्या प्रतीप्रमाणे वेगळा असेल. तो एखाद्या स्थापत्य अभियंत्यास विचारून घ्यावा. एवढ्या रकमेचा वर्षाचा हप्ता पाहिला, तर संस्थेला दरमहा द्यावयाच्या देखभालीच्या रकमेपेक्षा तो बहुधा अधिक भरत नाही.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाचे एक प्रमाणित विमापत्र देणे भाग पडले आहे. विम्याच्या क्षेत्रात ग्राहकाच्या बाजूने झालेल्या थोड्या चांगल्या गोष्टींपैकी ही एक होय, असे म्हणावयास हरकत नाही. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे इत्यादी संकटे त्यात येतात. विमा इमारतीचा असेल, तर तिच्या रकमेच्या वीस टक्के, पण दहा लाखांपर्यंत, घरातील सामानाचे संरक्षण वेगळी यादी न देता मिळते. म्हणजे वरच्या उदाहरणात चार लाख वीस हजारांचे. सामान याहून अधिक मोलाचे असेल तर यादी देऊन रक्कम वाढविता येते. विमापत्र दहा वर्षांपर्यंतचे घेता येते, आणि अशा दीर्घ मुदतीत विम्याची रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी, मूळ रकमेच्या दुपटीपर्यंत, आपोआप वाढत जाते. घर राहण्यास अयोग्य झाले तर दुसरीकडे राहण्याच्या भाड्याचीही सोय आहे. भाडेकरूलाही नुसत्या सामानाचा विमा घेता येतो. पुरात त्याची पुस्तके काही मालकाच्या पुस्तकांहून कमी भिजत नाहीत.

काय मिळत नाही, हेही तितक्याच बारकाईने वाचावयास हवे. चोरीच्या बाबतीत तर फारच गैरसमज आहे. मे महिन्यात किंवा गणपतीला कुटुंब गावी गेले आणि कुलूप फोडून चोरी झाली, तर या विमापत्रात भरपाई नाही. आग-पुरासारखे संकट आल्यावर त्यापाठोपाठ सात दिवसांत जी चोरी होते तेवढीच त्यात येते. घरफोडीचा विमा निराळा घ्यावा लागतो. दागदागिने व मौल्यवान वस्तू यांची नोंद मुद्दाम करून घेतल्यावाचून त्या विम्यात येत नाहीत. सदोष आराखडा, निकृष्ट काम, नव्या इमारतीला बसताना पडणाऱ्या भेगा, यांपैकी काहीही विमा कंपनीच्या माथी येत नाही. नव्या सदनिकेच्या खरेदीदाराने यासाठी दुसरे शस्त्र हाती धरावे. स्थावर संपदा कायदा २०१६ च्या कलम १४ प्रमाणे, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष दाखविल्यास तो तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून देणे बांधकाम व्यावसायिकावर बंधनकारक आहे. ही मागणी लेखीच करावी. तोंडी आश्वासनांच्या भरवशावर पाच वर्षे कशी सरतात हे कळतही नाही.

आणि स्वतः केलेले फेरफार? भिंत पाडून दोन खोल्यांची एक करणे, सज्जा बंद करून तेथे स्वयंपाकघर नेणे, हे आपल्या शहरांत जणू गृहप्रवेशाचाच एक विधी होऊन बसले आहे. अशा तोडफोडीमुळे जे नुकसान होते ते विम्याबाहेरचे असते, आणि खालच्या मजल्याच्या शेजाऱ्याचे झाले तर भांडण वेगळेच. घराचा वापर बदलला, राहत्या जागेत दवाखाना किंवा कार्यालय थाटले, तर तेही कंपनीस कळविले पाहिजे. विम्याचा करार पूर्ण सद्भावावर उभा असतो. प्रस्तावात जे लपविले जाते ते भरपाईच्या वेळी हमखास वर येते. जुने घर घेणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. विकणाऱ्याचा विमा खरेदीखताबरोबर आपोआप आपल्याकडे येत नाही. ताबा घेण्याच्या दिवसापासून आपला स्वतःचा विमा चालू झालेला असावा.

एवढे सगळे केले, तरी सदनिकेत राहणाऱ्याचे काम अर्धेच होते, आणि आमच्या दृष्टीने खरा प्रश्न येथेच आहे. बंगल्याच्या मालकाला आपले घर एकट्याने बांधता येते. तिसऱ्या मजल्यावरचे घर एकट्याने बांधता येत नाही. त्याच्या खाली दोन मजले असावे लागतात. जिना, उद्वाहन, पाण्याची टाकी, पंप असावे लागतात. एका सभासदाने चोख विमा घेतला आणि बाकीच्यांनी घेतला नाही, तर भरपाईचा धनादेश हाती असूनही तो बेघरच राहील. म्हणून संपूर्ण इमारतीचा विमा संस्थेने उतरविणे हाच राजमार्ग होय. राज्याच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग व भूकंप यांविरुद्ध विमा उतरविणे संस्थेस आवश्यक केले आहे आणि तो खर्च सदनिकांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटून घ्यावयाचा आहे. या दोन संकटांत पुराचे नाव नाही, हे नदीकाठच्या व सखल भागांतील संस्थांनी पाहून घ्यावे, आणि आपल्या विमापत्रात पूर आला आहे याची खात्री करून घ्यावी.

रकमेविषयी तर अधिकच सावध राहावयास हवे. येथे शाळेतील त्रैराशिक उपयोगी पडेल. समजा, पंचवीस सदनिकांची इमारत पुन्हा बांधावयास आठ कोटी लागतील. कार्यकारिणीने हप्ता वाचविण्यासाठी विमा चार कोटींचाच घेतला. आगीत एक कोटीचे नुकसान झाले. कार्यकारिणीला वाटेल की, चार कोटींत एक कोटी सहज बसतो. पण प्रमाणशीर कपातीचे कलम ज्या विमापत्रात असते त्याचा हिशेब निराळा आहे. आठाच्या जागी चार, म्हणजे निम्माच विमा. म्हणून भरपाईही निम्मी. पन्नास लाख कंपनी देईल. उरलेले पन्नास लाख सभासदांनी, प्रत्येकी दोन लाख या हिशेबाने, उभे करावयाचे. 'भारत गृह रक्षा'त ही कपात लावली जात नाही. परंतु संस्थेने घेतलेले विमापत्र कोणत्या प्रकारचे आहे आणि त्यात ते कलम आहे किंवा नाही, हे पाहिल्यावाचून निश्चिंत राहू नये. शिवाय सर्वच इमारत गेली तर विम्याच्या रकमेहून अधिक कोणीही देत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या दराने काढलेली रक्कम तशीच पुढे ढकलीत राहणे हा आपल्या संस्थांचा जुना रोग आहे.

संस्थेने पूर्ण विमा घेतला असेल, तर सभासदाने त्याच बांधकामाचा पुन्हा विमा घेऊन काही साधत नाही. नुकसान एकदाच होते, भरपाईही एकदाच. त्याने आपला पैसा घरातील सामान व आतील सजावट यांसाठी वापरावा.

प्रत्यक्ष संकट आल्यावर काय करावयाचे, याची तयारी संकटापूर्वीच करावी लागते. प्रत्येक खोलीची व किमती वस्तूंची छायाचित्रे काढून, पावत्यांसह, भ्रमणध्वनीत आणि दुसऱ्या गावच्या एखाद्या नातलगाकडे ठेवावीत. पुरात पहिला बळी कपाटाच्या खालच्या खणातील कागदांचा पडतो. कंपनीला तात्काळ कळवावे, अग्निशामक दलाचा अहवाल किंवा पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी, आणि सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी भिजलेले सामान फेकून देऊ नये. घर साफ करणे अगदीच भाग असेल तर आधी छायाचित्रे घ्यावीत. 'पूर्ण व अंतिम' असे शब्द असलेल्या कागदावर घाईने सही करू नये.

मागणी नाकारली गेली किंवा अन्याय्य रीतीने कापली गेली, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तेथे दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत जाता येते. त्यांची कार्यालये मुंबईस व पुण्यास आहेत. तेथे शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर पन्नास लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालांना आहे. व्यक्तीच्या घरासाठी ही मर्यादा पुरेशी आहे. संपूर्ण इमारतीच्या मोठ्या नुकसानीसाठी नाही, म्हणून संस्थांनी कागदपत्रे आरंभापासूनच अधिक चोख ठेवावयास हवीत.

या वर्षीच्या सभेत सभासदांनी कार्यकारिणीकडे विमापत्राची प्रत, त्यातील रक्कम, ती कोणी व कोणत्या वर्षी ठरविली याची नोंद आणि मुदत संपण्याची तारीख, एवढे मागावे, आणि ती तारीख संस्थेच्या सूचनाफलकावर लावण्याचा ठराव त्याच सभेत करून घ्यावा.