खांदा माझा, प्रश्नही माझेच

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, कारण डावा खांदा. एका हाताने टंकतेय, सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही म्हणून घरचे निर्धास्त झाले आणि मी तेल चोळत बसले. परवा एमआरआय केला तेव्हा कळलं की रोटेटर कफच्या चार कंडरांपैकी दोन तुटून आत ओढल्या गेल्यात आणि त्यांच्या स्नायूंत चरबी साठलीय. विरलेल्या लुगड्याला टाका धरत नाही, तसंच हे. वेळीच दाखवलं असतं तर कदाचित शिवता आलं असतं. तेव्हा पडल्यावर हात उचलेनासा झाला तर आठवडे घालवू नका. हा माझ्या आळसाचा धडा.

आता पर्याय. दुर्बिणीतून साफसफाई करून बायसेप्सची दुखरी कंडरा मोकळी करणे. जमेल तेवढंच शिवणे. पाठीचा स्नायू वळवून खांद्याला जोडणे. हे बहुधा तरुण, कष्टकरी माणसांसाठी. जपानच्या डॉ. मिहातांची पद्धत म्हणजे मांडीतलं आवरण घेऊन सांध्यावर छप्पर घालणे. विरघळणारा फुगा बसवायचीही टूम निघाली. पण २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधल्या ११७ रुग्णांची चाचणी आली, तिच्यात फुग्यापेक्षा नुसती साफसफाईच बरी ठरली. नवं ते सोनं नव्हे.

आणि शेवटी उलटा सांधा. फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी १९८५ साली तो आणला. दंडाचा गोळा फऱ्याच्या हाडावर आणि तिथली वाटी दंडावर, अशी अदलाबदल. मग तुटलेल्या कंडरांचं काम वरचा डेल्टॉइड स्नायू करतो. माझ्या वयाला बहुधा हाच सुचवतात. दुखणं उतरतं, हात वर जातो. पण पाठीमागे हात नेणं काहींना जड जातं.

मुलगा फोनवर म्हणतो, "आई, करून टाक." नणंदबाई म्हणतात, "या वयात कशाला चिरफाड?" दोघांच्याही बोलण्यात माझा हात कुठे आहे? त्या हाताला काय काय करायचंय, हे कुणी विचारतच नाही. वेणी, फळीवरचा डबा, रात्री कुशीवर झोप... आणि डाव्या हाताचं आपल्याकडचं ते काम! शेवटी लाज सोडून मीच डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बहुतेकांना जमतं, पण हमी देत नाही." हे उत्तर मला कुठल्याही माहितीपत्रकात मिळालं नसतं.

माझं मत एवढंच, की "डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं" हा आदर नव्हे. प्रश्न न वाचता उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मी आयुष्यभर रागावले, आता मीच तसं करू?

तर ठरलंय असं: तीन महिने व्यायाम, पाठीवर निजून हात हळूहळू वर नेण्याचा. जुन्या फाटीत कित्येकांचं त्यावरही भागतं. माझी फाट जुनीच असल्याने तेवढं थांबायला डॉक्टरांचीही हरकत नाही. तरीही झोप परतली नाही, तर उलटा सांधा करून घेईन.

त्याआधी संडासात जेट तेवढा बसवून घेते. असो.