बक्षीस कोणाचे, जोखीम कोणाची?

गोपाळकाल्याच्या संध्याकाळी कसबा पेठेच्या बोळांतून वाट काढणे कठीण होते. मुंबई-ठाण्याच्या मानाने पुण्याच्या हंड्या बेताच्याच उंचीच्या. परंतु येथील तरुणाचे डोळेही तिकडच्या थरांकडेच लागलेले असतात. ठाण्यात २०१२ मध्ये जय जवान पथकाने नऊ थर रचून ४३.७९ फुटांचा विक्रम केला आणि २०२५ मध्ये त्याच शहरात दहा थर लागले. थरांबरोबर बक्षिसेही वाढली. खाली पडलेल्या गोविंदाच्या डोक्याचा प्रश्न मात्र दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील जखमींच्या आकड्यापाशीच संपतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक विद्यार्थी असाच तिसऱ्या थरावरून कोसळला. रक्त आले नाही, हाड मोडले नाही. तासाभरात तो घरी परतला आणि रात्री दुसऱ्या हंडीला पुन्हा उभा राहिला. पुढे दोन महिने फळ्याकडे पाहिले की त्याचे डोके दुखे, साधी बेरीज चुके. त्या वर्षीची त्याची परीक्षा हुकली. जखमींच्या कोणत्याही यादीत त्याचे नाव नव्हते.

डोक्याला बसलेला मुका मार असा फसवा असतो. अमेरिकी फुटबॉलपटू माइक वेबस्टर २००२ मध्ये निधन पावला. बेनेट ओमालू या वैद्याने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा वर्षानुवर्षांच्या धडकांनी झालेली हानी उघड झाली. पुढे हजारो माजी खेळाडूंनी तेथील व्यावसायिक संघटनेला न्यायालयात खेचले आणि २०१३ मध्ये संघटनेने साडेशहात्तर कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. २०१९ मध्ये ग्लासगो येथील संशोधकांना असे आढळले की, स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सामान्य लोकांच्या सुमारे साडेतीनपट आहे. चेंडू डोक्याने मारणे हा तर त्या खेळाचा नेहमीचा भाग!

दिसणाऱ्या घावाला माणसे धावून जातात. १९६२ मध्ये बार्बाडोस येथे चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली, तेव्हा आपल्या पुण्याचे चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर आणि प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी त्यांना रक्त दिले. न दिसणाऱ्या घावाला मात्र अशी माणुसकी पुरत नाही. त्यासाठी नियमच लागतो.

क्रिकेटने तो नियम २०१९ मध्ये केला. पूर्वी डोक्याला मार बसलेला खेळाडू बाहेर गेला, की संघ एका गड्याने कमी होत असे. साहजिकच मार लपविण्याकडे कल असे. आता त्याच्या जागी तशाच प्रकारचा खेळाडू घेता येतो. २०२० च्या डिसेंबरात कॅनबेरा येथे रवींद्र जडेजाच्या शिरस्त्राणावर चेंडू आदळला आणि त्याच्याऐवजी आलेल्या चहलने तीन बळी मिळविले. खरे बोलण्याची किंमत नियमाने कमी केली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हाच या सुधारणेचा गाभा आहे.

आपण मात्र नेमके उलट करीत आहोत. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा घातली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच पाळण्यास सांगितले. २०१७ मध्ये उंचीचे बंधन उरले नाही, केवळ चौदा वर्षांखालील मुलांना मनाई राहिली. २०२२ मध्ये शासनाने साहसी खेळाचा दर्जा, नोकऱ्यांतील आरक्षणाचा लाभ आणि मृत्यूस दहा लाख, दोन अवयव गेल्यास साडेसात लाख, एक गेल्यास पाच लाख रुपये अशी मदत जाहीर केली. २०२३ मध्ये माणशी ७५ रुपये हप्ता भरून पन्नास हजार गोविंदांचा विमाही उतरविला. हेतूबद्दल शंका नाही. परंतु चार थरांचा गोविंदा आणि नऊ थरांचा गोविंदा यांचा हप्ता सारखाच, आणि तो भरतो सरकारी खजिना! मग नववा थर लावण्यास उत्तेजन देणाऱ्या आयोजकाला त्या थराची किंमत कळावी कशी? नाव त्याचे, जाहिरात त्याची, बक्षीस पथकाचे, आणि जोखीम थरावर चढणाऱ्या पोराच्या डोक्यावर. शिवाय हात, पाय, डोळे मोजणाऱ्या त्या घोषणेत हळूहळू मंदावणाऱ्या स्मृतीचा हिशेब नाही.

दहीहंडी बंद करा, असे येथे सुचवावयाचे नाही. पेठेतल्या पोरांना सामूहिक शिस्त आणि धाडस शिकविणारा हा उत्सव आहे, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे. किंबहुना ज्याला आपण खेळ म्हणतो, त्याला खेळाचे नियमही लावावेत, एवढीच अपेक्षा आहे. विम्याचा हप्ता आयोजकाने भरावा आणि तो थरांगणिक चढता असावा. बक्षीस केवळ उंचीला न देता सुरक्षितपणे थर उतरविणाऱ्या पथकाला द्यावे. डोक्याला मार लागलेल्या गोविंदाला त्या दिवसापुरते थांबविण्याचा अधिकार जागेवरील डॉक्टरला असावा, त्याच्या जागी दुसरा चढविण्याची मुभा पथकाला असावी, आणि अशा प्रत्येक माराची नोंद शासनाने वर्षानुवर्षे ठेवावी. जे मोजलेच जात नाही, त्याची भरपाई कोण करणार?

नुकसानभरपाई पडल्यानंतर मिळते. नियम पडण्याआधी उपयोगी पडतो. माझ्या त्या विद्यार्थ्याला पैसे नको होते. त्या रात्री त्याला कोणीतरी ‘आज तू घरी जा’ असे अधिकाराने सांगावयास हवे होते.